निकाल शाळेचा, परीक्षा समाजाची

दहावीचा निकाल जाहीर झाला की महाराष्ट्रातील प्रत्येक बाजारपेठेच्या गावात शाळांचे फलक झळकू लागतात. गुणवंतांची छायाचित्रे, त्यांच्या टक्केवारीचे ठळक आकडे, वरच्या बाजूस संस्थाचालकांच्या प्रसन्न मुद्रा आणि तळाशी 'उज्ज्वल यशाची परंपरा कायम' हे ठरलेले वाक्य. २०२५ साली राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. शंभरातील चौऱ्याण्णव मुले उत्तीर्ण होत असतील, तर शाळेचे काही चुकते आहे असे म्हणण्याचे धाडस कोण करील? या फलकावर एकच व्यक्ती सहसा नसते. ती म्हणजे त्या मुलांना वर्षभर शिकवणारा शिक्षक. त्याहूनही महत्त्वाचे असे की, जी मुले फलकावर नाहीत आणि ज्यांची संख्या फलकावरील मुलांच्या कितीतरी पट आहे, त्यांना त्याने कसे सांभाळले, याचा हिशेब कुणी मागत नाही आणि कुणी मांडतही नाही.

शिक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांवर होते. एका टोकाला पटसंख्येअभावी बंद पडणारी वाडीवस्तीवरची शाळा आणि दुसऱ्या टोकाला लाखो रुपये शुल्क आकारणारी शहरी शाळा. या दोहोंच्या मध्ये हजार-दोन हजार मुलांची, पाचवीपासून बारावीपर्यंतची, अनुदानित, मराठी माध्यमाची जी मोठी शाळा उभी आहे, तिच्याकडे लक्ष जात नाही. कारण ती 'चालते' आहे. चालणाऱ्या गाडीचे बॉनेट कोण उघडून पाहतो? पण ग्रामीण महाराष्ट्राची मागील तीन पिढ्यांची घडण याच शाळेने केली आहे आणि पुढची घडणही तिच्याच हाती आहे. म्हणून तेथे शिकवणाऱ्या माणसाकडे पाहणे आवश्यक ठरते.

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील नामपूर हे असेच एक गाव. मोसम नदीच्या काठी वसलेले, मालेगाव-ताहाराबाद रस्त्यावरचे, कांद्याच्या बाजारामुळे परिसराला परिचित असलेले. सह्याद्रीच्या रांगांत उगम पावणारी मोसम हरणबारी धरणातून खाली येते, ताहाराबाद आणि नामपूरची शेती भिजवते आणि मालेगावजवळ गिरणेला मिळते. पश्चिमेला साल्हेर-मुल्हेरचे दुर्ग, त्यांच्या पायथ्याशी कोकणा आणि भिल्ल समाजाच्या वस्त्या. पूर्वेला मालेगावची यंत्रमागांची नगरी. आणि मधल्या पट्ट्यात कांदा, डाळिंब, द्राक्ष पिकवणारा शेतकरी. अशा गावातल्या मोठ्या शाळेच्या एका वर्गात कोण कोण बसते, हे पाहिले म्हणजे त्या शाळेचे मोल ध्यानी येते. बागायतदाराचा मुलगा, त्याच्याच शेतावर मजुरीस जाणाऱ्या बाईची मुलगी, बाजार समितीतल्या हमालाचा मुलगा, व्यापाऱ्याची मुलगी, दलित वस्तीतला आणि डोंगरातल्या पाड्यावरून आलेला विद्यार्थी. ही सारी मुले एका छताखाली, एका घंटेवर, एकाच प्रार्थनेला उभी राहतात. दुसरे असे कोणते ठिकाण आज गावात उरले आहे? विहिरी नळांनी संपवल्या, पंगती केटररच्या मांडवांनी संपवल्या, देवळांचे उत्सव मंडळामंडळांत वाटले गेले. अवघा गाव एकत्र बसतो ते ठिकाण म्हणजे हायस्कूलचा वर्ग.

हे आपोआप घडलेले नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याच्या करातून वरच्या थरांचे शिक्षण चालते हा अन्याय मांडला आणि शिक्षक शक्यतो कष्टकरी शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना पुरेसे वेतन मिळावे, अशी मागणी केली. ती मागणी शासनाने नव्हे, समाजाने पूर्ण केली. १९१४ साली नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेचे रोप लावले. पुढे भाऊसाहेब हिरे यांनी मालेगाव परिसरात महात्मा गांधी विद्यामंदिर उभे केले. त्याआधी १८८० साली चिपळूणकर, टिळक, आगरकरांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले तेव्हा त्यांनीही सरकारी नोकरीची वाट सोडून शिक्षकाचा पेशा पत्करला होता. धान्याच्या पोत्यांच्या आणि चार-चार आण्यांच्या वर्गणीवर गावोगाव शाळा उभ्या राहिल्या. मेकॉलेने १८३५ साली आखलेल्या चाकोरीबाहेर जाऊन, शिक्षण हे मूठभरांना साहेबाचे मदतनीस बनवण्यासाठी नसून अवघ्या समाजाला उभे करण्यासाठी आहे, हे महाराष्ट्राने कृतीने सिद्ध केले.

इतरांना हे कायदे करून साधावे लागले. इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी मुलाची परीक्षा घेऊन त्याचे आयुष्य ठरवले जाई. हुशार ठरलेला 'ग्रामर स्कूल'मध्ये, उरलेले दुय्यम शाळांत. त्यातून वर्गभेद पक्का होतो हे कळायला वीस वर्षे गेली. १९६५ साली तेथील सरकारने सर्व क्षमतांच्या मुलांना एकत्र घेणाऱ्या 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' शाळांकडे वळण्याचे आवाहन स्थानिक शिक्षण मंडळांना केले. त्याच सुमारास आपल्याकडे कोठारी आयोग (१९६४-६६) काम करीत होता. त्यानेही गरीब-श्रीमंत सर्वांची मुले जेथे एकत्र शिकतील अशा शेजारशाळांचा आग्रह धरला. सरकारांनी तो अहवाल गौरवला आणि कपाटात ठेवला. पण नामपूरसारख्या गावांत ती सर्वसमावेशक शाळा, आयोगाची वाट न पाहता, अगोदरच भरत होती.

या शाळेत शिक्षकाचे काम नेमके काय असते? बाहेरच्याला वाटते, दिवसाला पाच-सहा तासिका आणि दोन महिन्यांच्या सुट्या. पण एका साध्या हिशेबाने हा गैरसमज दूर होईल. भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाकडे पाच तुकड्या आणि प्रत्येकीत साठ मुले धरली, तर तीनशे वह्या होतात. एका वहीला दोनच मिनिटे दिली तरी सहाशे मिनिटे, म्हणजे सलग दहा तास. निबंध खरोखर वाचून, चूक दाखवून, चार शब्द कौतुकाचे लिहायचे तर दोन मिनिटांत काहीच होत नाही. मग शिक्षकापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर रात्र जागवायची किंवा लाल शाईची बरोबरची खूण करून पान उलटायचे. पहिला मार्ग धरणारे शिक्षक आजही आहेत. शाळेचे यश मुख्यतः त्यांच्या जागरणावर उभे आहे.

वह्यांच्या पलीकडे मुले असतात. मोसम खोऱ्यातल्या मुलाची घरची बोली अहिराणी. तो 'माझा' म्हणत नाही, 'मना' म्हणतो. पाचवीत आलेल्या या मुलाला पुस्तकातली मराठी ही जवळजवळ दुसरी भाषा असते. त्याला 'अशुद्ध बोलतोस' म्हणून गप्प बसवणारा शिक्षक त्याचे तोंड कायमचे बंद करतो; आणि त्याच्या बोलीला हात धरून प्रमाण मराठीच्या अंगणात आणणारा शिक्षक त्याला दोन्ही घरांचा वारस करतो. शाळेची पायरी न चढलेल्या बहिणाबाई चौधरींच्या कविता आज शाळाशाळांत शिकवल्या जातात, त्या खानदेशच्या मातीतल्या बोलीत रचलेल्या आहेत, हे वर्गात सांगितले की मागच्या बाकावरची मान ताठ होते. ही किमया कोणत्याही प्रशिक्षण-पुस्तिकेत नाही. ती माणसाजवळ असावी लागते.

पुन्हा शेतीचे वेळापत्रक आहेच. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड असते. रोपांची जुडी हाती घेऊन घरातले सारे वाफ्यात उतरतात आणि वर्गातली हजेरी विरळ होते. मार्च-एप्रिलमध्ये कांद्याची काढणी आणि दहावीची परीक्षा एकाच वेळी येतात. त्या दिवसांत मजुरीचा दर चढलेला असतो. मुलीला शेतातून परीक्षेच्या बाकापर्यंत आणण्यासाठी वर्गशिक्षकाला तिच्या घरी जावे लागते, बापाशी बोलावे लागते. दर कोसळलेल्या वर्षी डिसेंबरात सहलीचे पैसे न भरणारा मुलगा 'मला नाही आवडत सहल' असे सांगतो. त्याचा खरा अर्थ ज्याला कळतो तो शिक्षक. डाळिंबावर तेल्या पडला तेव्हा बागलाणातली अनेक घरे दोन-तीन हंगामांत वरून खाली आली. त्या घरांतल्या मुलांचे गुण का घसरले, हे प्रगतिपुस्तकात कुठे लिहिलेले नसते.

या मोठ्या शाळांचे यश खरे आहे. पण या यशाच्या आत एक भेग आहे. मोठी शाळा म्हणजे अनेक तुकड्या आणि तुकड्या म्हणजे बहुतेक ठिकाणी गुणानुक्रमे केलेली वाटणी. 'अ' तुकडीत हुशार मुले, 'ड' किंवा 'ई' तुकडीत उरलेली. अलीकडे या वाटणीला 'सेमी इंग्रजी' हे प्रतिष्ठित नाव मिळाले. गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकणारी तुकडी ही आपसूक सुखवस्तू घरांतल्या मुलांची तुकडी होते. अनुभवी शिक्षक तिकडे जातात, कारण फलकावरची छायाचित्रे तिथूनच यायची असतात. शेवटच्या तुकडीवर नवखा शिक्षणसेवक, तासिका तत्त्वावरचा शिक्षक किंवा 'आज कोणी नाही, तुम्ही बसा' म्हणून पाठवलेला क्रीडाशिक्षक. त्या तुकडीची हजेरी वाचली तर आडनावे पुष्कळ काही सांगून जातात. इंग्लंडने जी भिंत दोन शाळांमध्ये उभी केली होती, ती अनेक ठिकाणी एकाच शाळेतल्या दोन तुकड्यांमध्ये उभी राहिली आहे. फाटक एक, प्रार्थना एक, पण शाळा दोन! समरसतेचा विचार मांडणाऱ्यांनी ही भिंत पाहिली नाही, तर ती दुसरे कुणी पाहणार नाही.

निकालाची टक्केवारी ही भेग झाकते. 'असर' या देशव्यापी अहवालाने २०२३ साली २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी केली. ८६.८ टक्के मुले शिक्षणसंस्थांत दाखल होती, ही समाधानाची गोष्ट. पण त्या वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे साधे गणित ४३.३ टक्क्यांनाच जमले. ही मुले शाळेत येत होती, हजेरीपटावर होती, वरच्या वर्गात जात होती. मग ती कुठे हरवली? त्याचे उत्तर शेवटच्या तुकडीत आहे.

मोसम खोऱ्याला या प्रश्नाचे उत्तर बाहेरून शिकण्याची गरज नाही. या खोऱ्याने काही शतके 'फड' पद्धतीने शेती भिजवली. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एकच पीक, पाळीपाळीने पाणी, पाटाची दुरुस्ती सर्वांनी मिळून आणि पाण्याच्या वाटपावर गावाने नेमलेला पाटकरी. पाणी कमी पडले तर तुटवडाही वाटून घ्यायचा. पाटाच्या तोंडाशी असलेल्या शेतकऱ्याने आपलेच वाफे भरून घ्यायचे नाहीत. शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोहोचले तरच पाळी पूर्ण झाली असे मानायचे. शाळेचा शिक्षक हा गावाच्या विद्येचा पाटकरी आहे. पहिल्या बाकाला पाणी मुबलक असते. शेवटच्या बाकाला पोहोचले की नाही, हे पाहणे हेच त्याचे काम. पाटकऱ्याला मात्र गाव आपल्या हिश्शातून धान्य देत असे, त्याचा शब्द मानत असे. आजच्या शिक्षकाला गाव काय देते?

आणि शासन काय देते? २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. कायम होण्याआधी तीन वर्षे मानधनावर राबायचे. हे मानधन वाढत वाढत २०२३ मध्ये माध्यमिक शिक्षकासाठी दरमहा १८ हजार रुपये झाले. पदव्युत्तर पदवी आणि बी. एड. झालेल्या तरुणाने लग्न, घरभाडे, आईवडिलांचे औषधपाणी या रकमेत भागवायचे आणि वर्गात चेहरा प्रसन्न ठेवायचा! २००१ मध्ये 'कायम विनाअनुदान' नावाचा प्रकार सुरू झाला. २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द गेला, पण अनुदान आले ते वीस टक्के, चाळीस टक्के अशा तुकड्यांनी. त्यात अनेकांची उमेद आणि निम्मी नोकरी संपली. २०१२ मध्ये भरतीवर बंदी आली. २०१७ मध्ये 'पवित्र' संगणकीय प्रणाली आली, पण तिच्यातूनही भरती रखडत रखडतच झाली. निवृत्त होणाऱ्याची खुर्ची वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि त्याच्या तासिका उरलेल्यांच्या वेळापत्रकात शिरल्या. डिसेंबर २०२० मध्ये अनुदानित शाळांतील शिपायांची नियमित पदे मोडीत काढून त्यांच्या जागी भत्ता देण्याचा निर्णय झाला. शाळेत लिपिक अपुरे, शिपाई नाही. मग संच मान्यतेच्या तक्त्यांपासून आधार जुळवणीपर्यंत आणि पोषण आहाराच्या नोंदीपासून मतदार यादीपर्यंत सगळे शिक्षकाच्या खांद्यावर येते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतील असे म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्याहून पुढे जाऊन शिक्षकाचा वेळ शिकवण्यासाठीच राखला जावा अशी अपेक्षा धरली. धोरण उत्तम आहे. पण धोरणाचा कागद मंत्रालयातून निघतो आणि माहिती मागवणारा संदेश रात्री साडेनऊला मुख्याध्यापकाच्या मोबाइलवर येऊन पडतो : 'उद्या सकाळी अकरापर्यंत, अत्यंत तातडीचे.' या दोहोंतले अंतर भरून काढल्यावाचून धोरण वर्गापर्यंत पोहोचणार नाही. राज्यात आणि केंद्रात आपल्या विचाराचे शासन असताना तर हे अधिक स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरवले. पाचवी ते आठवीचे वर्ग असलेल्या मोठ्या माध्यमिक शाळांनाही हा निर्णय लागू होतो. शिक्षक पात्र असावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्या माणसाच्या मनात, आजवरच्या माझ्या कामाची मोजणी कुणी केली का, असा प्रश्न आला तर त्याला दोष देता येणार नाही. परीक्षा घ्यायचीच तर ती एकट्या शिक्षकाची का? संस्थेची घ्यावी, शासनाची घ्यावी आणि समाजाचीही घ्यावी.

संस्थांच्या परीक्षेत पहिला प्रश्न नेमणुकांचा येईल. ज्या महाराष्ट्रात चार आण्यांच्या वर्गणीवर शाळा उभ्या राहिल्या, त्याच महाराष्ट्रात शिक्षकाच्या जागेसाठी लाखोंची 'देणगी' हा शब्द सर्वतोमुखी झाला, ही अधोगती आहे. शेत विकून नोकरी मिळवणारा तरुण वर्गात पाऊल टाकतो तेव्हा तो आधी वसुलीचा विचार करणार की विद्येचा? निवडणुकीच्या हंगामात कर्मचाऱ्यांना प्रचाराला जुंपणारे संस्थाचालक मुलांना नागरिकशास्त्राचा कोणता धडा देतात? हे सर्वत्र घडते असे नाही. निरपेक्ष वृत्तीने शाळा चालवणारी माणसे आजही आहेत. पण रोग आहे हे नाकारून तो बरा होत नाही.

शिक्षकांच्या बाजूनेही सर्व आलबेल नाही. वर्गात कंटाळलेला आणि खासगी शिकवणीत खुललेला शिक्षक, वेतनश्रेणीचे प्रत्येक परिपत्रक तोंडपाठ पण नवे पुस्तक वर्षानुवर्षे न उघडलेला शिक्षक, परीक्षा केंद्रावर कॉपीकडे पाठ फिरवून उभा राहणारा शिक्षक. हे चित्र काल्पनिक नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाकारले गेले, त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. त्या मागणीमागची अस्वस्थता समजण्यासारखी आहे. परंतु ज्या एकजुटीने हक्कांसाठी रस्त्यावर येता येते, त्याच एकजुटीने 'आमच्या शाळेत कॉपी होणार नाही आणि शेवटच्या तुकडीतला एकही मुलगा वाचता न येता पुढे जाणार नाही' अशी प्रतिज्ञा शिक्षक संघटनांनी केली, तर समाज त्यांच्या मागे अधिक ठामपणे उभा राहील.

आता प्रश्न समाजाचा, आणि त्यातही राष्ट्रीय विचार मानणाऱ्या घरांचा. २००० साली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला तेव्हा 'भगवेकरणा'ची ओरड करून डाव्या विचारवंतांनी देश डोक्यावर घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००२ साली न्यायालयाने तो आराखडा वैध ठरवला. २००५ मध्ये दुसरा आराखडा आला. पुस्तकात काय असावे यावर पंचवीस वर्षे वाद झाले, आणि ते आवश्यकही होते. पण ते पुस्तक हाती घेऊन वर्गात कोण उभा आहे, त्याला वाचायला वेळ आहे का, त्याच्या मागे कोण आहे, यावर कुणी वाद घातला नाही. १६७२ साली साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगल फौजेचा उघड्या मैदानात पराभव केला. तो साल्हेर २०२५ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या यादीत गेला. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असो की एका पानात, नामपूर परिसरातल्या मुलांना त्या गडाकडे बोट दाखवून ती सांगणारा शिक्षक असेल तर ती आयुष्यभर पुरते. तो नसेल तर पान कितीही मोठे असले तरी कोरेच राहते.

ग्रामीण महाराष्ट्रात संघकार्य रुजवण्यात हायस्कूलच्या शिक्षकांचा वाटा किती मोठा आहे, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. बदलीच्या किंवा नेमणुकीच्या गावी जाऊन खोली घ्यायची, संध्याकाळी मैदानात मुलांना जमवायचे आणि सकाळी त्याच मुलांना गणित शिकवायचे, अशा शिक्षकांनी शाखा उभ्या केल्या; आणीबाणीत त्यांच्यातील अनेकांनी कारावास भोगला. द्वितीय सरसंघचालकांना 'गुरुजी' ही उपाधी मिळाली तीदेखील काशी हिंदू विश्वविद्यालयातील अध्यापनामुळे. त्या परंपरेच्या घरांतली मुले आज कुठे शिकतात? प्रत्येकाने आपल्या दाराशी सकाळी येणारी पिवळी बस आठवावी. मातृभाषेतून शिक्षणाचे ठराव करायचे, व्याख्याने ऐकायची आणि आपल्या पाल्याला मात्र गावच्या मराठी शाळेपुढून दूरच्या इंग्रजी शाळेत पाठवायचे, यात विसंगती आहे. आईवडिलांच्या मनातली भीती खरी आहे आणि तिची चेष्टा करू नये. इंग्रजी आली नाही तर मूल मागे पडेल, ही ती भीती. पण जेव्हा डॉक्टर, वकील, बागायतदार आणि कार्यकर्ते यांची मुले गावच्या शाळेतून निघून जातात, तेव्हा केवळ पट कमी होत नाही. मुख्याध्यापकाला प्रश्न विचारू शकणारे, प्रयोगशाळेची मोडकी कपाटे पाहून अस्वस्थ होणारे, शिक्षकाच्या पाठीवर थाप देणारे पालक निघून जातात. उरतात ती ज्यांच्यासाठी कुणी बोलत नाही अशांची मुले. आणि एकटा शिक्षक.

८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी सामाजिक समता आणि हिंदू संघटन यांची अतूट सांगड घालून दाखवली. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने समोर ठेवलेल्या पंच परिवर्तनात सामाजिक समरसतेचा विषय अग्रक्रमाने आला आहे. समरसता सहभोजनाच्या पंगतीत एक दिवस अनुभवता येते; एकाच बाकावर सहा वर्षे शेजारी बसलेल्या मुलांत ती कायमची रुजते. ती मुले पुढे सरपंच होतात, व्यापारी होतात, फौजदार होतात. पण एकमेकांना नावाने हाक मारतात. ती हाक बंद पडू द्यायची का, हा आजचा खरा प्रश्न आहे.

यासाठी मोठ्या योजनांची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक मोठ्या गावातील कार्यकर्त्यांनी आपल्या परिसरातील माध्यमिक शाळेच्या शेवटच्या तुकडीची जबाबदारी घ्यावी. संध्याकाळी वस्तीवर दीड तासाची अभ्यासिका, त्यात वाचन आणि पाढे, एवढ्यानेही शिक्षकाचे अर्धे ओझे हलके होते. शाळेच्या पालक-शिक्षक संघात ज्यांची मुले तिथे आहेत त्यांनी नियमित जावे, आणि ज्यांची नाहीत त्यांनी माजी विद्यार्थी म्हणून जावे. निवृत्त लिपिक, बँक कर्मचारी, संगणक जाणणारे तरुण यांनी आठवड्यातले चार तास शाळेच्या कार्यालयाला दिले, तर एका शिक्षकाच्या चार तासिका वर्गाला परत मिळतात. तुकड्या गुणानुक्रमे न पाडता मिश्र कराव्यात आणि सर्वांत अनुभवी शिक्षक सर्वांत मागे असलेल्या मुलांना द्यावा, हा आग्रह संस्थाचालकांकडे धरावा. शासनाकडे रिक्त पदे, लिपिक आणि शिपाई यांची मागणी लावून धरावी. गुरुपौर्णिमेला ध्वजपूजन करताना गावातल्या एखाद्या शिक्षकाच्या घरी जाऊन त्याच्या विद्यार्थ्यांची चौकशी करावी. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी आपले मूल गावच्या शाळेत घालण्याचे धैर्य दाखवावे. शंभर ठरावांपेक्षा अशी एक हजेरी मोलाची ठरेल.

नामपूरपासून जवळ असलेल्या सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांचे मंदिर आहे. यशवंत महादेव भोसेकर हे इंग्रजी अमदानीतले मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी खुला केला, अशी त्यांची ख्याती. कागदापेक्षा माणूस मोठा मानला म्हणून लोकांनी त्या सरकारी अधिकाऱ्याला देव केले, त्यांची यात्रा भरवली. बागलाणची माती अशी आहे. ती पदाला नव्हे, त्या पदावरून दिल्या गेलेल्या दानाला नमस्कार करते. आजचा शिक्षकही कागदांनी वेढलेला एक साधा नोकरदार आहे. त्याच्याजवळचा खजिना मात्र त्याला रोज उघडता येतो, आणि तो उघडावा म्हणून समोर साठ मुले बसलेली असतात. त्याच्या हातातले कागद कमी करणे शासनाचे काम आहे आणि त्याच्या पाठीशी उभे राहणे समाजाचे. पुढच्या निकालाच्या दिवशी चौकात फलक लागेल तेव्हा त्यावरची छायाचित्रे अवश्य पाहावीत, मुलांचे मनापासून कौतुक करावे. आणि मग शाळेत जाऊन एक प्रश्न विचारावा : शेवटच्या तुकडीचे काय झाले? तो प्रश्न विचारणारी माणसे ज्या गावात असतील, त्या गावची शाळा खऱ्या अर्थाने यशस्वी म्हणता येईल.